गावातली बंद पोलीस चौकी पुन्हा सुरू कशी करून घ्यावी

आमच्या गावच्या पोलीस चौकीची किल्ली कित्येक वर्षं बसस्टँडवरच्या हॉटेलात खिळ्याला लटकलेली होती. कुणी नवखा माणूस तक्रार घेऊन आला की हॉटेलवाले आबा कढईतून मान वर न करता सांगायचे, "तठे कोनी नही शे भाऊ, किल्ली लिसनी काय करशी?" बाजाराच्या दिवशी चौकीच्या ओट्यावर भाजीवाल्या बसत, एरवी कुत्री. भिंतीवरची 'पोलीस दूरक्षेत्र' ही अक्षरं मात्र शाबूत होती.

ती चौकी आज सुरू आहे. चोवीस तास नाही, पण माणूस असतो. खटपटीत पावणेदोन वर्षं गेली आणि त्यातलं पहिलं वर्ष आमच्याच चुकांनी वाया गेलं. अमळनेर-चोपडा पट्ट्यातल्या, साक्री-शिरपूरकडच्या ओळखीच्या लोकांनी "तुम्ही नेमकं काय केलं?" असं विचारलं, म्हणून जसं घडलं त्या क्रमाने नाही, तर जसं करायला हवं होतं त्या क्रमाने सांगतो.

'बंद' म्हणजे काय, ते आधी शोधा

गावात सगळ्याच पोलीस जागांना चौकी म्हणतात. कागदावर हा शब्द फार कामाचा नाही. आमच्या खानदेशातल्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना प्रत्येकी एक पोलीस अधीक्षक, आणि तिघांच्या वर नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक. अधीक्षकांच्या खाली उपविभाग, उपविभागात ठाणी, ठाण्याखाली दूरक्षेत्रं आणि बीट, म्हणजे एकेका हवालदाराकडे सोपवलेला गावांचा गट. पोलीस ठाणं म्हणजे राज्य शासनाने तसं घोषित केलेली जागा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली व्याख्याच तशी आहे. गुन्हा क्रमांक ठाण्यातच पडतो. दूरक्षेत्र हा ठाण्याचा गावाकडे लांबवलेला हात.

आता तुमची चौकी यातली कुठली आणि ती कशी बंद पडली, हे ठरवा. मला तीन प्रकार दिसले.

पहिला आणि सगळ्यात जास्त आढळणारा: दूरक्षेत्र कागदावर जिवंत आहे, पदंही मंजूर आहेत, पण माणसं ठाण्यात ओढून घेतली आहेत. कधी बंदोबस्तासाठी, कधी संगणकाच्या कामासाठी, कधी कोर्टाच्या पैरवीसाठी. तात्पुरतं म्हणून नेलेला हवालदार परत आलाच नाही, एवढीच ती गोष्ट. हे काम अधीक्षकांच्या पातळीवर सुटू शकतं, मुंबईला जावं लागत नाही.

दुसरा: दूरक्षेत्र आदेशानेच रद्द झालं किंवा दुसऱ्या गावाला हललं. जवळच नवं ठाणं झालं, हद्द बदलली. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला तसा मोठा बदल सोडा, एकाच तालुक्यातही गावं या ठाण्याकडून त्या ठाण्याकडे जात असतात. इथे नव्याने मंजुरी लागते.

तिसरा प्रकार मजेशीर. चौकी कधी मंजूरच नव्हती. गावात दंगल झाली, त्या वेळच्या साहेबांनी धर्मशाळेत चार शिपाई बसवले, बोर्ड लावला, पुढे बदली झाली. गाव वीस वर्षं 'आमची चौकी पळवली' म्हणून भांडतंय आणि दप्तरात तिचा पत्ताच नाही.

पूर्ण पोलीस ठाणंच बंद झालं असेल किंवा दूरक्षेत्राचं ठाणं करून हवं असेल, तर तो वेगळा डोंगर आहे. अधीक्षकांचा प्रस्ताव महानिरीक्षकांकडे, तिथून पोलीस महासंचालकांकडे, मग गृह विभाग, पदनिर्मितीसाठी वित्त विभाग, त्यानंतर शासन निर्णय आणि हद्दीची अधिसूचना. यात वर्षं जातात. माझा सल्ला असा की ठाणं मागायचंच असेल तरी आधी दूरक्षेत्र सुरू करून घ्या.

माहिती अधिकारात काय विचारायचं

वरचा शोध तोंडी चौकशीने लागत नाही. ठाण्यात विचारलं तर "वरून माणसं नाहीत" हे एकच उत्तर येतं. अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. आम्ही पहिल्या अर्जात गावगाड्याची सगळी रडगाणी लिहिली आणि तो त्याच कारणाने परत आला. म्हणून दोन अर्ज करा.

पहिल्यात: ठाण्याच्या हद्दीतल्या मंजूर दूरक्षेत्रांची यादी, आपल्या दूरक्षेत्राच्या मंजुरी आदेशाची प्रत, तिथली मंजूर पदं आणि आज कार्यरत पदं, बंद किंवा स्थलांतराचा आदेश असल्यास त्याची प्रत, आणि इमारतीच्या मालकीचा किंवा भाड्याचा कागद. दुसऱ्यात: बीटमधल्या गावांची गेल्या पाच वर्षांची गावनिहाय गुन्ह्यांची संख्या, दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अदखलपात्र वेगवेगळी. तपास कुठवर आला, गोपनीय अहवाल काय, असलं काही विचारू नका. ते नाकारायला कायद्यात जागा आहे आणि त्याच्यासोबत बाकीचंही अडकतं.

उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे, आणि तिथेही निभाव लागला नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. आमचं काम पहिल्या अपिलात झालं. कागद आला त्यात दूरक्षेत्र मंजूर होतं, पदं मंजूर होती आणि 'कार्यरत' या रकान्यात लिहिलं होतं: निरंक, म्हणजे शून्य.

हा एक शब्द आमच्या सगळ्या मोर्च्यांपेक्षा भारी पडला.

तक्रारी नोंदवा, नाहीतर चौकीचा विषयच संपला

दुसऱ्या अर्जाच्या उत्तराने आमचे डोळे उघडले. त्या काळात गावशिवारातून पाणबुडी मोटारी, स्टार्टर, तांब्याच्या केबली, ठिबकच्या नळ्या किती गेल्या ते बोटांवर मोजता येणार नाही. दोघांच्या केळीच्या बागा घड लागलेल्या असताना रात्रीतून कापल्या गेल्या. आणि पोलिसांच्या आकड्यात आमचं गाव जवळजवळ रामराज्य! कारण नोंदवायला कुणी गेलंच नव्हतं. ठाणं लांब, जायचं तर अख्खा दिवस मोडतो, मजुरी बुडते, आणि गेलेली मोटार काही परत येत नाही.

म्हणजे चौकी बंद, म्हणून लोक नोंदवत नाहीत. नोंद नाही, म्हणून गुन्हे कमी. गुन्हे कमी, म्हणून चौकीची गरज नाही. हे चक्र तोडल्याशिवाय कुठलंही निवेदन कचऱ्यात जातं. साहेब समोर आकडा ठेवतात आणि आपण गप्प बसतो. आमच्या पहिल्या भेटीत हेच झालं.

म्हणून किमान सहा महिने फक्त हे एक काम करा. प्रत्येक चोरी नोंदवायची. काही बारकावे लक्षात ठेवा.

मोटारीची, केबलीची खरी किंमत बिलासह लिहा. नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या चोरीला वेगळी, सौम्य वागणूक आहे आणि ती अदखलपात्रात जाते. आपले लोक सवयीने "असंल दोन-तीन हजाराची, जुनीच होती" असं सांगून मोकळे होतात. पावती सापडत नसेल तर दुकानदाराकडून दुय्यम प्रत घ्या.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कुणाचीही असो. त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. मोबाइलवरून, इलेक्ट्रॉनिक मार्गानेही खबर देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात घेतलीच नाही तर त्याच कलमाखाली लेखी खबर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. टपालाची पावती जपून ठेवा.

एकेकट्याने जाणं लोकांना जड जातं. आम्ही महिन्यातून एक दिवस ठरवला. एक मॅजिक गाडी भाड्याने करायची, ज्यांच्या तक्रारी राहिल्यात ते सगळे एकत्र जायचे. ताजी चोरी मात्र महिनाअखेरीसाठी ठेवू नये, ती त्याच दिवशी.

याशिवाय ग्रामपंचायतीत एक दोनशेपानी वही ठेवा. घटनेची तारीख, काय गेलं, ठाण्यात कधी सांगितलं, गुन्हा क्रमांक काय. ११२ ला फोन केला असेल तर फोनची वेळ आणि गाडी गावात आल्याची वेळ. शेवटची एसटी किती वाजता, पावसाळ्यात कुठल्या फरशी पुलावर पाणी आल्याने रस्ता किती दिवस बंद होता, हेही त्यातच. ही वही पुढे निवेदनापेक्षा जास्त वाचली गेली. खोटं एक अक्षरही लिहू नका. वही फुगवलेली दिसली तर सगळीच नोंद संशयात जाते.

गावाचं एकमत असतं असं समजू नका

चौकी नको असणारे गावात असतातच. वाळूचे ट्रॅक्टर ज्यांचे रात्री चालतात, हातभट्टीत ज्यांचा वाटा आहे, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) पत्त्यांवर जे वर्षभराची कमाई करतात, ते उघड बोलत नाहीत पण ठराव लांबवतात. त्यांची चिंता मी करत नाही.

दुसऱ्या एका विरोधाचं मात्र ऐकलं पाहिजे. आमच्या भिल्ल वस्तीवर बैठक घेतली तेव्हा एक म्हातारा सरळ म्हणाला की, चौकी आली की पहिले आमचीच पोरं उचलली जातील. यावर हसू नये. खानदेशात १८२५ साली आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, ती भिल्लांच्याच बंडांचा बंदोबस्त करायला. पोलिसांची भीती इथे आजची नाही. आम्ही त्या वस्तीतले दोघे, त्यातली एक बाई, समितीत घेतले आणि प्रत्येक बैठक एकदा गावात, एकदा वस्तीवर अशी ठेवली. सातपुड्याच्या पायथ्याला पावरा, तडवी वस्त्या असतील तर तुम्हालाही हे करावंच लागेल.

महिलांच्या सभेची ताकद आम्हाला उशिरा कळली. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असतेच. बऱ्याच गावांत ती कागदावर उरकतात. आमच्याकडे ती खरी झाली तेव्हा दारूवरून बायका जे बोलल्या, ते ऐकून सरपंच नाना स्वतः ठराव लिहायला बसले. त्या सभेचा ठराव वेगळा जोडा.

ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती गणसंख्या लागते. सह्या त्याच दिवशी, त्याच रजिस्टरवर. घरोघर फिरवून गोळा केलेल्या सह्या पुढे कुणीतरी आव्हान देतो. ठरावाची भाषा साधी ठेवा. आमचा असा होता:

"मौजे ... येथील पोलीस दूरक्षेत्र मंजूर असून तेथे मंजूर असलेली पदे सध्या कार्यरत नाहीत (माहिती अधिकारातील उत्तर सोबत). सबब मंजूर पदांवर कर्मचारी नेमून दूरक्षेत्र नियमित सुरू करावे, तोपर्यंत आठवडे बाजाराच्या दिवशी व रोज सायंकाळी कर्मचारी हजर ठेवावा, अशी विनंती ही ग्रामसभा एकमताने करीत आहे. इमारतीची किरकोळ दुरुस्ती, पाणी व शौचालयाची सोय ग्रामपंचायत करील."

हाच मजकूर बीटमधल्या शेजारच्या गावांकडून घ्या. एका गावाचा ठराव म्हणजे हट्ट वाटतो, सात गावांचा ठराव म्हणजे बीटची मागणी होते. शेजारच्या गावाला चौकी आपल्याकडे हवी असते, तो वाद आधीच चहावर मिटवा.

पोलीस पाटलाचं पद भरलेलं आहे का तेही याच वेळी बघा. हे पद १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाखालचं, नेमणूक प्रांताधिकारी करतात. पद रिकामं असेल तर त्याचा अर्ज वेगळा द्या. गावात पाटील नाही, बीटला हवालदार नाही, मग ठाण्याला गावची खबर देणार कोण?

कुणाला, केव्हा भेटायचं

केव्हा, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. पोलिसांच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. आम्ही पहिलं निवेदन जूनमध्ये दिलं, म्हणजे गाडी निघून गेल्यावर स्टँडवर पोचलो. प्रस्ताव जानेवारी-फेब्रुवारीत अधीक्षक कार्यालयात पोचला पाहिजे, म्हणजे बदल्यांच्या यादीत त्या पदांचा विचार होतो.

सुरुवात ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यापासून करा. त्यांना वगळून वर गेलात तर कागद फिरून त्यांच्याकडेच अभिप्रायाला येतो, आणि मग अभिप्राय कसा येतो ते सांगायला नको. आमच्या साहेबांचीही अडचण खरी होती: माणसं थोडी, हद्द मोठी. त्यांनीच सुचवलं की माणूस मागा, पण चोवीस तास मागू नका. त्यांच्या अनुकूल अभिप्रायासह उपविभागीय पोलीस अधिकारी आणि मग अधीक्षक. अधीक्षक ठाण्याच्या वार्षिक तपासणीला येतात तेव्हा गावकऱ्यांना भेटतात. तो दिवस विचारून ठेवा. जिल्हाधिकारी कार्यालयातला पहिल्या सोमवारचा लोकशाही दिनही आहे, पण तो पाठपुराव्यासाठी ठेवा.

आमदारांना इमारतीच्या निधीसाठी भेटा. अमुकच हवालदार द्या, असं त्यांच्याकडून सांगायला लावू नका. शिफारशीने आलेला माणूस शिफारशीनेच जातो.

रास्ता रोकोचा मोह आवरा. आम्ही एकदा केला. रस्ता दोन तास अडला, गुन्हे मात्र पोरांवर दाखल झाले. आमच्याकडे गावोगाव पोलीस भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं आहेत. चौकीसाठी ओरडलेल्या एका पोराचीच चारित्र्य पडताळणी पुढे अडकली. त्याच्या बापाशी मी अजून नजर मिळवून बोलू शकत नाही.

इमारत: उत्साहात कुलूप तोडू नका

हुरूप आला की गाव फावडी-झाडू घेऊन निघतं. थांबा. बंद चौकीत जुनी रजिस्टरं असतात, कदाचित एखाद्या खटल्यातला मुद्देमालही. अंगणात गंजलेल्या मोटारसायकली असतात, त्याही बहुधा मुद्देमालच. गावकऱ्यांनी ते भंगारात घातलं तर उपकार करायला गेलेला माणूस आरोपी व्हायचा. कुलूप पोलिसांनीच उघडायचं, पंचांसमोर यादी करायची, कागद आणि वस्तू ठाण्यात न्यायच्या. मग झाडू.

जागा कुणाची ते बघा. ग्रामपंचायतीची असेल तर नमुना ८ ची नक्कल, सरकारी असेल तर सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. ट्रस्टची किंवा खासगी असेल तर भाडेकरार कुणाच्या नावाने होता ते शोधा. वीज बहुतेक कायमची तोडलेली असते. जुनी थकबाकी कुणी भरायची यात आमचे तीन महिने गेले. महावितरणचा हिशेब पहिल्याच दिवशी मागून घ्या.

दुरुस्तीत रंग सगळ्यात शेवटी. आधी छत. आमच्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी माणूस बसूच शकत नाही, तो समोरच्या निंबाखाली किंवा हॉटेलात बसतो आणि गाव म्हणतं, चौकीत कुणी नसतं. छताखाली फॉल्स सीलिंग, एक कूलर, पाण्याची टाकी आणि आतून कडी लागणारं शौचालय. शौचालय नसेल तर महिला पोलीस येणार नाही, आणि ती नसेल तर गावातल्या बायका पायरी चढणार नाहीत.

पैसा ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून, आमदार निधीतून किंवा जिल्हा नियोजन समितीतून आणा. मोठं काम असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचं अंदाजपत्रक लागतं. देणग्यांबाबत मी हट्टी आहे. आमच्याकडे एकाने एसी आणि सोफा देऊ केला. त्याची वाळूची ठेकेदारी सगळ्यांना माहीत होती. नाही म्हणायला दोन बैठका लागल्या. जे द्यायचं ते ग्रामपंचायतीमार्फत, पावतीसह, जडवस्तू नोंदवहीत चढवून.

माणूस आल्यावर

सुरुवातीला थोडं मागा आणि ते पक्कं करा. आठवडे बाजाराचा पूर्ण दिवस, रोज संध्याकाळी सहा ते रात्री अकरा, आणि सणांचे दिवस: आखाजी, पोळा, कानबाई, गणपती, होळी. कापूस विकून घरात रोकड येते त्या हंगामात रात्रीची गस्त. महिला कर्मचारी आठवड्यातून एक ठरलेला दिवस, तो दिवस शाळेत आणि अंगणवाडीत लिहून लावा. हवालदाराला गावात भाड्याने बरी खोली मिळवून द्या, भाडं मात्र त्यालाच भरू द्या.

तक्रार नेहमी दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर तारीख-सहीची पोच घ्या. क्रमांक ठाण्यात पडणार असल्याने दुसऱ्या दिवशी तो विचारायचा. 'चौकीत सांगितलं होतं' याला पोच नसेल तर काही अर्थ राहत नाही.

आणि ती दोनशेपानी वही बंद करू नका. आमच्याकडे आता तिच्या मागच्या बाजूला कॅलेंडर चिकटवलं आहे. चौकी ठरलेल्या वेळी बंद दिसली की पोलीस पाटील त्या तारखेवर फुली मारतात आणि कळलं तर कारण लिहितात: बंदोबस्त, कोर्ट, रजा. महिन्याला चार-पाच फुल्या असतात, त्या आम्ही धरत नाही. मागच्या निवडणुकीच्या वेळी सलग एकोणीस झाल्या. विसाव्या दिवशी समितीतले तिघे ते पान घेऊन ठाण्यात गेले. साहेबांनी तारखा मोजल्या, स्टेशन डायरी मागवली आणि विचारलं, "झेरॉक्स देता का याची?"